नमुन्याचा आवाज

"सगळी उदाहरणं पास!" टेस्टर मुलीनं खुर्ची गर्रकन फिरवली. "ताई, हा एजंट माझ्या नवऱ्यापेक्षा बरा. लिहिलंय तेवढं करतो, वर तोंड करून बोलत नाही."

"मग लावून देऊ का लग्न त्याच्याशी?" ताई हसल्या. "डिलीटच्या पानावरचं उदाहरणही चाललं?"

"चाललं की. फोल्डर डिलीट केलं आणि 'काम पूर्ण झाले' म्हणाला."

"कुठलं फोल्डर?"

"तुम्ही लिहिलेलंच. नमुना, त्याच्या आत आवाज."

ताईंच्या हातातला चहाचा कप ओठांपर्यंत गेलाच नाही.

त्यांच्या कंपनीनं फोटो, व्हिडिओ, आवाज सांभाळून ठेवणारं एक सॉफ्टवेअर बनवलं होतं. ते माणसांनी चालवायचं नव्हतं. ते एजंट चालवणार होते. एजंट म्हणजे लेखी सूचना वाचून आपली आपण कामं उरकणारे प्रोग्राम. फाईल कशी शोधायची, कशी हलवायची, कशी डिलीट करायची, या सूचना ताई लिहीत. जे स्वतःच्या हातानं करून पाहिलं नाही ते लिहायचं नाही, ही त्यांची जुनी खोड. गिऱ्हाइकांच्या फायलींना हात लावायची मुभा नव्हती, म्हणून नमुन्याला त्या आपल्या घरच्या फायली आणत. फायली हलवण्याचं पान लिहिताना त्यांनी आपल्या फोनमधलं एक फोल्डर खरोखरच कंपनीच्या सर्व्हरवर, नमुन्याच्या जागेत हलवलं होतं. फोनमध्ये ते उरलं नाही. फोन भरतच आला होता, तेवढीच जागा झाली असं त्यांना वाटलं. पुढं डिलीट त्यांनी एका रिकाम्या फोल्डरवर करून पाहिलं, पण पानावर उदाहरणाला नाव हवं होतं. तेच नाव हाताशी होतं, तेच लिहिलं. आजवर त्यांनी माणसांसाठी लिहिलं होतं. माणूस उदाहरण वाचतो आणि त्या जागी आपलं नाव घालतो. एजंटानं उदाहरण जसंच्या तसं केलं.

त्या फोल्डरमध्ये त्यांच्या यजमानांचा आवाज होता.

घशाचं ऑपरेशन झालं की बोलता येणार नाही, श्वासही गळ्याला पाडलेल्या भोकातून घ्यावा लागेल, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तेव्हा यजमान स्वयंपाकघराचं दार लावून फोनसमोर बसले आणि होणाऱ्या नातवंडासाठी गोष्टी बोलून ठेवल्या. "बाळ आलं की मगच लावायच्या. लेकीला आधी पाठवशील तर बघ," असा दम भरला होता. तो त्यांच्या तोंडून निघालेला शेवटचा दम. आता लेकीचे दिवस भरत आले होते.

ताई धावतच सर्व्हरच्या खोलीत गेल्या. तिथल्या गार हवेत सर्व्हरवाले अण्णा स्वेटर घालून बसलेले असत.

"अण्णा, बॅकअप काढा. नमुन्याच्या जागेचा."

"त्या जागेचा बॅकअप ठेवत नाही आपण. नमुन्यात कोण खरं ठेवतं?"

"मी ठेवलंय."

अण्णांनी वर पाहिलं. मग कीबोर्ड पुढं ओढला. "चाचणी अजून चालू आहे का?"

"हो."

"थांबवा आधी! मोकळ्या झालेल्या जागेवर नवीन फायली बसत असतील."

ताई दारातूनच ओरडल्या. टेस्टर मुलीनं चाचणी थांबवली आणि तीही येऊन मागं उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता. "ताई, मला काय माहीत हो… मला वाटलं, खोट्याच फायली असतील."

"तुझं काही चुकलं नाही गं. मीच लिहिलं होतं ना ते."

अण्णा बराच वेळ खटपट करत राहिले. मग पडद्यावर फायलींची नावं उगवू लागली. अस्वलाची गोष्ट. झोपेची गोष्ट. रुसलेल्या चंद्राची गोष्ट. ताईंनी अण्णांचा दंड घट्ट धरला. "आलं! अण्णा, देव भलं करो तुमचं. लावा ना."

अण्णांनी अस्वलाची गोष्ट लावली. कर्णा तपासायला वापरतात तसा एक सपाट, लांबच लांब सूर खोलीभर वाजत राहिला. दुसरी लावली, तोच सूर. तिसरीलाही तोच.

"नावं तेवढी राहिलीत," अण्णा हळू म्हणाले. "आत चाचणीच्या फायली येऊन बसल्या."

"अजून एकदा बघा."

"ताई…"

"एखादं वाक्य तरी. अर्धं चालेल. खोकला चालेल हो मला, नुसता त्यांचा खोकला!"

अण्णांनी पुन्हा पाहिलं. मग आणखी एकदा, केवळ त्यांच्यासाठी.

संध्याकाळी साहेब टेबलापाशी आले. "कानावर आलं. वाईट झालं. पण पुस्तिका आज बाहेर जायची आहे, आणि तेवढं ते पान…"

"करते," ताई म्हणाल्या. उदाहरणातलं नाव खोडून त्यांनी तिथं जगात कुठंच नसलेलं एक नाव घातलं आणि खाली लिहिलं, 'हे परत आणता येत नाही. आधी माणसाला विचारावे.' पान पाठवून दिलं.

घरी यजमान दारातच उभे होते. भुवया उंचावून त्यांनी विचारलं, काय झालं?

"अहो, तुमच्या गोष्टी गेल्या. माझ्या हातून गेल्या."

 ते पाठ फिरवून आत गेले. ताई चपलाही न काढता पायपुसण्यावर उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं स्वयंपाकघरात टिचकी वाजली. ते टेबलाशी बसले होते. त्यांनी हात पुढं करून ताईंचा फोन मागून घेतला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि त्यांच्यासमोर ठेवला. ओठ हलवून म्हणाले, तू बोल.

"मला नाही यायचं तुमच्यासारखं."

त्यांनी पुन्हा ओठ हलवले. ताई ते ओठ वाचत बोलू लागल्या. "एक होतं अस्वल. त्याला काही केल्या झोप येईना…"

त्यांनी तळवा खाली दाबला. सावकाश.

"एक… होतं… अस्वल."

मान हलली. पुढचं वाक्य, त्याच्या पुढचं. अस्वल मधाच्या पोळ्याखाली घोरायला लागलं, तिथं त्यांनी हात वर करून ताईंना थांबवलं. डोळे मिटले. खांदे हलू लागले. पहिल्यांदा गोष्ट सांगताना इथं ते हसले होते.

ताई थांबल्या. फोन चालूच होता. यजमानांच्या गळ्यावरच्या फडक्याआडून येणारा-जाणारा श्वास तेवढा त्यात उमटत होता.