बळीरामजींची झाळ

इतवारीत भांड्यांची दुकानं पुष्कळ, पण अस्थिकलशाचं झाकण वितळलेल्या कथलाने सांधून, म्हणजे झाळून घ्यायला धंतोलीच्या दवाखान्यांतून सुन्न झालेली माणसंही आमचंच दुकान विचारत येत. गंगेपर्यंतच्या रेल्वेप्रवासात चिमूटभर राख सांडणार नाही अशी कथलाची झाळ द्यावी ती माझे सासरे बळीरामजी यांनीच, हे मी कुणालाही छातीठोक सांगेन. मुलाचं काम मात्र त्यांना कधी पसंत पडलं नाही. ते कडेला नख घालून झाळ उचलत, ती बांगडीसारखी अख्खी निघे. ती ऐरणीवर ठेवून एवढंच म्हणत, "पुन्हा कर गा, चंद्रभान." पन्नाशीला टेकलेला माझा नवरा मुकाट्याने पुन्हा बसे. मला सासऱ्यांचा भारी राग येई.

एकाहत्तर साली सासरे गेले. त्यांचा कलश यांनीच घडवला, यांनीच झाळला, आणि अस्थी घरात आणत नाहीत म्हणून अंगणातल्या कडुनिंबाला टांगला. दुपारी जेवून आलो तर ऐरणीवर कथलाची बांगडी. कलश झाडालाच होता, झाकण सुटं.

"काहून उघडलं जी?" मी विचारलं.

"कच्ची राह्यली असन," म्हणून हे पुन्हा शेगडी पेटवायला बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहतो तर पुन्हा तेच. झोपेत हेच तर करत नाहीत ना, म्हणून मी हळूच यांची नखं पाहिली, स्वच्छ होती. निघायच्या सकाळी दिलेली झाळ मात्र टिकली. गाडीत हे कलश मांडीवर घेऊन नवरदेवासारखे ताठ बसले होते.

"बाबूजीनं पास केलं मले," म्हणाले, आणि मला रडू आलं.

प्रयागला संगमावर यांनी कडेला छिन्नी लावली, तर झाळ अख्खी सुटून हातात आली. झाकण तरीही हलेना. शेवटी पत्राच कापावा लागला. पाहतो तर झाकणाला आतल्या बाजूने आणखी एक झाळ, गोल, नितळ, कुठे सुरू झाली नि कुठे संपली ते कळू नये अशी.

हे बराच वेळ तिच्यावरून अंगठा फिरवत राहिले. मग भोवतीच्या अनोळखी माणसांसमोर ते कापलेलं झाकण उंच धरून, मान ताठ करून म्हणाले, "हे आमच्या बाबूजीचं काम होय."