दात पडेपर्यंत

दुपारी मला झोप लागते आणि झोप लागली की स्वप्न पडतं. त्यात माझा काही दोष नाही, असं मी आजवर ठासून सांगत आलो. मेंढरांमागे फिरणाऱ्या माणसाची निम्मी रात्र राखणीतच जाते. मग दुपारी माळावर ऊन थरथरायला लागलं आणि मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी राहिली, की मीही लिंबाखाली आडवा होतो आणि उपरणं तोंडावर ओढून घेतो. माझी बायको साखराबाई म्हणते, "बंकटराव जागेपणी भांडतेत अन् झोपेत गोड बोलतेत. झोपलेलेच बरे."

होळीच्या आधीची गोष्ट. माझी नात राजनंदिनी, वय वर्षं पाच, अंगणवाडीला सुट्टी म्हणून माझ्यासोबत माळावर आली होती. निघताना सुनेनं, मोहिनीनं, दोनदा बजावलं होतं, "मामा, तिला एडक्यावर बसवू नका." सून मला मामा म्हणते आणि साखराबाईला मामी. आता मला कुणी एखादी गोष्ट करू नका म्हटलं, की ती केल्याशिवाय मला अन्न पचत नाही. माळावर पोहोचल्या पोहोचल्या मी पोरीला आमच्या सरदार नावाच्या एडक्यावर बसवलं. एडका नावाचाच सरदार, स्वभावानं गरीब. तासभर तिनं हसून माळ डोक्यावर घेतला. मग माझे डोळे जड झाले.

"आता उतर गं. मी जरा पडतो."

"तुमी पडा आबा. मी हळूच बसते."

मी पडलो. आणि स्वप्न लागलं. मेंढरं वीतभर जमिनीवरून उचलली गेली होती आणि हवेतच चरत चालली होती. खुरांचा आवाज नव्हता, धूळ नव्हती. सगळा कळप वर वर निघाला, आणि सगळ्यांच्या पुढे सरदार, त्याच्या पाठीवर राजनंदिनी. मी खालून म्हणत होतो, लई वर जाऊ नको गं. ती म्हणाली, आबा, इथलं गवत निळं हाय. मला फार बरं वाटत होतं. इतकं बरं मला जागेपणी क्वचित वाटतं.

मग ठक् असा आवाज आला. मेंढरांना पाणी पाजायची दगडाची डोणी आहे तिथं, तिच्या काठावर पोरीचं तोंड आपटलं होतं. सरदार बाजूला उभा राहून पाणी पीत होता. मी धावलो. खालच्या ओठाच्या आतून रक्त येत होतं आणि वरचा पुढचा एक दात बोट लागलं तर हलत होता. मी उपरण्यानं रक्त पुसलं, बाटलीतल्या पाण्यानं चूळ भरायला लावली. पोर मुकाट्यानं रडत होती, कारण मीही घाबरलोय हे तिला दिसत होतं. त्या वेळी तिला उचलून सरळ घरी नेलं असतं तर ही गोष्ट तिथंच संपली असती. पण माझ्या डोळ्यांसमोर मोहिनीचं तोंड आलं.

"ऐक," मी म्हणालो. "हे आपल्या दोघांचं. कुनाला सांगायचं न्हाई. ही गोष्ट त्या दातात ठिवून दे. तोंड मिटलं की ती बाहेर येत न्हाई."

तिनं मान हलवली आणि तोंड मिटलं.

घरी मी सांगितलं, मधमाशी चावली. मोहिनीनं विष उतरावं म्हणून सुजलेल्या ओठाभोवती लोखंडी किल्ली घासली, मधमाश्यांना शिव्या घातल्या. दोन दिवसांत सूज उतरली. दातही हलायचा थांबला. मी मनात म्हणालो, बंकट, सुटलास.

पाडव्याच्या सकाळी गुढी उभी राहिली. साखरेची गाठी राजनंदिनीच्या गळ्यात घातली. गळ्यातली गाठी पोटात जायला पोरांना कितीसा वेळ लागतो? तिनं पांढरीशुभ्र गाठी दातांत धरली, आणि समोर बसलेल्या मोहिनीच्या हातातला गूळ-लिंबाचा वाडगा तसाच राहिला. त्या पांढऱ्या साखरेवर पोरीचा एक दात राखेच्या रंगाचा दिसत होता.

मोहिनीनं तिचं तोंड उजेडाकडं वळवलं. पदरानं दात घासला. मग वळून फळीवर पाहिलं. तिथं साखराबाईची मिश्रीची डबी होती. लग्न होऊन आली तेव्हापासून साखराबाई सकाळी उठून मिश्री लावते. भाजलेल्या तंबाखूचा तो काळा भुगा दातांवर फिरला नाही तर तिचा दिवस उजाडत नाही. राजनंदिनी तिच्याच कुशीत झोपायची, आणि मागे एकदा डबीत बोट घालताना सापडलीही होती.

"मामी, हिला मिश्री लावली तुमी?"

"मी कवाच न्हाई लावली, माय."

"मग दात काळा कावून पडला? घरात दुसरी कुनाची डबी हाय?"

साखराबाईनं माझ्याकडं पाहिलं. मी गाठीचा एक तुकडा तोंडात टाकला.

ती उठली, डबी घेतली आणि बाहेर जाऊन उकिरड्यावर रिकामी केली. मोहिनीनं त्याच दिवशी पोरीचं अंथरूण स्वतःच्या खोलीत नेलं. माझा मुलगा परमेश्वर केजच्या स्टँडवर प्रवासी भरून नेणारी वडाप जीप चालवतो. तो दमून आला, त्यानं ऐकलं आणि म्हणाला, "जाऊ दे, बायांचं बाया बघतील." मला त्याचा राग आला. पण तो काही खोटं तर बोलला नव्हता, खोटं मी बोललो होतो.

चाळीस-पंचेचाळीस वर्षांची सवय अशी एका दिवसात तोडली की शरीर भांडतं. साखराबाईचं डोकं ठणकायचं. कपाळाला फडकं आवळून ती दारात बसायची. शेजारच्या रुक्मिणीबाईनं विचारलं, काय झालं, तर म्हणाली, "आपलेच दात अन् आपलेच ओठ, बाई. कुनाला सांगावं." मी शेजारीच दोरी वळत होतो. दोरीचा पीळ माझ्या हातून तीनदा सुटला.

मी सांगणारच होतो. रोज सकाळी सांगणार होतो. पण मी आयुष्यात चुकलो असं एकदाच कबूल केलं आहे, तेही एसटीच्या कंडक्टरपुढं, आणि ते मला अजून लागतं. म्हटलं, दुधाचा दात, दोन-चार दिवसांत उजळेल. तो उजळायचं नाव घेईना. उलट पोर बदलली. हसायची ती ओठ मिटून. बोलताना हात तोंडावर. एका दुपारी माळावर माझ्याजवळ बसली होती. आता ती एडक्यावर बसायला मागत नव्हती.

"आबा," ती म्हणाली, "गोष्ट आत सडली."

"कोणती गोष्ट?"

"तुमी दातात ठिवा म्हनला ती. म्हणून दात काळा झाला. आज्जी माझ्यामुळं रडती."

मी तिला म्हणालो, झोप जरा. ती झोपली आणि मागोमाग मीही. स्वप्नात पुन्हा तोच कळप होता, तसाच हवेत, तसाच बिनआवाजाचा. पण मेंढरं चरत नव्हती. सगळी माझ्याकडं तोंड करून उभी होती. एकेकानं तोंड उघडलं आणि प्रत्येकाचा पुढचा दात राखेच्या रंगाचा होता. मधोमध साखराबाई रिकामी डबी घेऊन उभी होती. ती काही विचारत नव्हती. ती फक्त वाट बघत होती. मी जागा झालो तेव्हा घामानं उपरणं भिजलं होतं. मला माझी लाज वाटली, आणि लाज वाटूनही त्या दिवशी मी घरी काही बोललो नाही. ही खरी गोष्ट आहे, म्हणून सांगतो.

मिश्री बंद होऊन महिना झाला तरी दात तसाच, तेव्हा मोहिनी म्हणाली, आता दातांच्या डॉक्टरला दाखवायचं. परमेश्वरनं आम्हा सगळ्यांना जीपमध्ये घालून केजला नेलं. तो जीपपाशी थांबला, आम्ही चौघं जिना चढून वर गेलो. साखराबाईला कुणी चल म्हटलं नव्हतं. ती आपली आली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली, कोर्टात बसतात तशी.

डॉक्टरीण तरुण होती. तिनं राजनंदिनीला मोठ्या खुर्चीवर बसवलं, वरचा दिवा ओढला. मोहिनीनं मिश्रीचं सगळं सांगितलं. डॉक्टरणीनं ओल्या कापसानं दात घासला, कापूस उजेडात धरला. कापूस पांढराच होता.

"हा डाग वरून लागलेला नाही," ती म्हणाली. "मिश्रीचा तर नाहीच. हा आतून आलाय. ही कधी पडली होती का? तोंडाला मार लागला होता?"

"न्हाई," मोहिनी म्हणाली. "कवाच न्हाई."

"आठवून बघा. महिना-दोन महिन्यांपूर्वी. दाताला मार बसला की आतल्या आत रक्त उतरतं. रंग लगेच दिसत नाही, दोन-तीन आठवड्यांनी दिसायला लागतो. तोवर मार लागलेला घरातले विसरूनही जातात." मग ती पोरीकडं वाकली. "तू सांग बरं. पडली होतीस का कुठं?"

राजनंदिनीनं दोन्ही हात तोंडावर दाबले. दिव्याच्या उजेडात तिचे डोळे भरून आले. त्या डोळ्यांनी ती माझ्याकडं पाहत होती. दोन महिने तिनं माझा शब्द पाळला होता. पाच वर्षांच्या पोरीनं.

"पडलती," मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला. "एडक्यावरून. मी बसवलं व्हतं, अन् मी झोपलो. डोणीच्या दगडावर आपटली. मधमाशी चावली म्हणून मीच सांगितलं. पोरीला गप बस म्हणूनही मीच सांगितलं. चूक माझी हाय."

पोरीनं तोंडावरचे हात हळूहळू खाली घेतले.

डॉक्टरीण मला रागावली नाही. म्हणाली, त्याच वेळी आणायला हवं होतं बाबा, मूळ दुखावलंय का ते तेव्हाच बघता आलं असतं. मग मोहिनीला समजावलं. दुधाचा दात आहे, दुखत नाही, हिरडी चांगली आहे, म्हणून उपटायचा नाही. रंग कधी फिका होतो, कधी तसाच राहतो. हिरडीवर फोड आला, पू दिसला, ताप आला तर लगेच यायचं, नाहीतर दर तीन महिन्यांनी दाखवायचं. सहा-सात वर्षांची झाली की हा पडेल आणि नवा येईल. आम्ही निघालो तेव्हा साखराबाईला म्हणाली, "आजी, तुमचा यात काही दोष नाही. पण मिश्री सोडलीत ते बरं केलंत."

जिन्यात मोहिनी थांबली. "मामा," ती म्हणाली, "मधमाशी?"

एवढंच. तिनं आवाज चढवला असता तर मला भांडता आलं असतं. मी खाली बघत पायऱ्या उतरलो.

जीपमध्ये ती साखराबाईजवळ बसली, तिचा हात हातात घेतला. "मामी, मी लई बोलले तुमाला."

"आई हाईस तू," साखराबाई म्हणाली. "आईनं बोलावंच."

मी बाजारात उतरलो, मिश्रीची नवी डबी घेतली. डॉक्टरीण काहीही म्हणो, मला हात हलवत घरी जायचं धाडस नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी साखराबाई माळावर माझी भाकर घेऊन आली. राजनंदिनी तिच्या बोटाला धरून होती. मी डबी पुढं केली. साखराबाईनं ती हातात घेतली, उघडली नाही.

"मला ठाव व्हतं," ती म्हणाली.

"काय?"

"सगळं. त्या दिवशी तुमचं उपरणं मीच धुतलं न्हवं का. मधमाशी चावल्यावर एवढं रगत येत न्हाई. मीठ लावून लावून काढलं मी ते."

"मग बोलली कावून न्हाईस? मोहिनीनं एवढं ऐकवलं तवा?"

"तुमी बोलाल म्हणून. आज बोलतील, उद्या बोलतील." ती लिंबाच्या बुंध्याला टेकली. "मिश्रीचं काय न्हाई वो. डोकं दुखतंय, ऱ्हातंय. पन पोर माझ्या कुशीतून नेली, ते लई जड गेलं मला. अन् तुमी गाठी खात बसला."

तिनं डबी ओच्यात बांधली.

"ही फळीवर ऱ्हाईल. तुमाला रोज दिसंल अशी. हिचा दात पडू द्या, मग बघू तुमाला माफ करायचं का न्हाई ते."

असं आहे. डबी फळीवर आहे. आता वैशाख चालू आहे, अंगणवाडी बंद आहे, त्या दोघी रोज दुपारी माळावर येतात. साखराबाई लिंबाखाली पडते आणि राजनंदिनी तिच्या कुशीत. मी जागा बसतो. पोर माळावर असली की मी आता झोपत नाही. स्वप्नाचं मात्र काही अडत नाही. ऊन थरथरायला लागलं की उघड्या डोळ्यांनाही मेंढरांचे पाय दिसेनासे होतात आणि सगळा कळप वीतभर वर तरंगतो. सरदार सगळ्यांच्या पुढं असतो. त्याच्या पाठीवर कुणी नसतं.

मग मी हळूच विचारतो, "हलतो का गं?"

ती डोळे न उघडता जिभेनं दात ढकलून बघते.

"न्हाई आबा. लई घट हाय," ती म्हणते, आणि तोंड भरून हसते. राखेच्या रंगाचा तो दात चांगला ठसठशीत दिसतो. तिच्या पाठीआड साखराबाईही हसत असते, पण माझ्याकडं बघत नाही.