न कापलेली पानं

नीरजानं पुस्तक उजेडात धरून शेवटची पानं सोडवून पाहिली. ती वरच्या कडेला एकमेकांना जोडलेलीच होती. जुन्या इंग्रजी पुस्तकांची पानं वाचणाऱ्यानेच कापून घ्यायची असत. ही इतक्या वर्षांत कुणी कापलीच नव्हती.

“आमच्या आजोबांनी इथपर्यंतच वाचून दाखवलं तुम्हाला?”

“हाव. पुढचं उद्या वाचू म्हनत. पुढचं कईच नाई वाचलं,” उकंडराव म्हणाले.

उकंडराव खिरोडीचे शेवटचे सरपंच. खिरोडी आता धरणाच्या पाण्याखाली आहे, आणि हे वडनेर भोलजीच्या पलीकडचं नवं गावठाण. इथे रस्ते सरळ आहेत आणि सावली नाही. नीरजाचे आजोबा, मार्तंड मास्तर, खिरोडीच्या शाळेत होते. संध्याकाळी पारावर बसून ते या पुस्तकातला व्हेनिसचा कारभार मराठीत सांगत. पाण्यात वसलेलं शहर, राजा नाही, मोठे निर्णय सभेत, मतं घेऊन. ऐकून गावाला भलताच चेव यायचा. ग्रामसभेत गटाराच्या विषयावरसुद्धा कुणीतरी व्हेनिसचा दाखला द्यायचा. गाव उठलं तेव्हा मास्तर पुस्तक उकंडरावांच्या हाती ठेवून मुलाकडे पुण्याला गेले आणि तिथेच वारले.

नीरजा त्यांच्या हस्ताक्षरासाठी आली होती. ते पहिल्याच पानावर होतं. वर एका इंग्रज अंमलदाराची सही, मग खामगावच्या कुण्या वकिलाची, आणि खाली मास्तरांची.

“पुस्तक घेऊन जाय, माय. पन आधी शेवट सांग. ते व्हेनिसचे लोक आपल्यानं उठले का त्याहीले उठवलं? मले तेवढंच पाह्यजे.”

त्यांनी आतून सुरी आणून दिली. नीरजानं एकेक पान जपून कापलं. कागदाचा भुसा तिच्या मांडीवर पडला. मग ती वाचत गेली, मराठीत सांगत गेली. शत्रूचं सैन्य दारात आलं होतं. सभा भरली. राज्य संपवण्याचा ठराव पुढे आला.

“मतं घेतली?”

“घेतली. ठराव मंजूर झाला. सगळे घाईघाईनं निघून गेले.”

उकंडराव समोरच्या विजेच्या खांबाकडे पाहत राहिले. त्यांना पाराची आठवण आली, मास्तरांच्या आवाजाची तर फारच आली.

“नाई म्हननारे होते का कोनी?”

“होते. थोडेच. नावं नाही दिलेली.”

“आमच्यात एकच होता.” त्यांनी पहिलं पान उघडून मास्तरांच्या सहीवर बोट ठेवलं. “गाव सोडाच्या ठरावाले साऱ्यायचे हात वर. हे एकटे हाताची घडी घालून बसले. बाहेर आल्यावर मले एका शब्दानं नाई बोलले.”

घरी हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. नीरजानं पर्समधून पेन काढून पुढे केलं.

“आबा, तुमचंही नाव लिहा ना खाली. इतकी वर्षं तुम्हीच सांभाळलंत.”

उकंडरावांनी पेन घेतलं. टोपण काढलं, पुन्हा लावलं आणि पेन परत केलं.

“माहा हात सगळ्यात आधी वर गेल्ता, माय.”

मग पुस्तक तिच्याकडे सरकवून ते म्हणाले,

“ते नाई म्हननारे होते ना, तेवढं एक डाव अजून वाच.”