बागेची ट्रायल

खरं सांगते, मला बाग हवी होती ती लोकांच्या भल्यासाठी वगैरे नाही. मला दिवसातून एक तास सासूबाईंपासून लांब बसायचं होतं, बस्स. पुढे लोकांनी माझं फार कौतुक केलं. तेव्हा मी मान खाली घालून ऐकून घेतलं, पण इथे खोटं कशाला बोलू?

आमचं घर पहिल्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. मी अठ्ठावीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात कटर होते. टेबलावर कापडाचे थर पसरायचे, वर कागदी नमुने मांडायचे, खडूने आखायचं आणि कापायचं. सकाळी आठला घर सोडायचं ते संध्याकाळी सहाला परत. त्यामुळे सासूबाईंचं आणि माझं उत्तम जमत होतं. आमची गाठच पडत नव्हती. मग कारखान्यात कापायचं मशीन आलं, आम्हा कटरांना घरी बसवलं, आणि पहिल्याच सोमवारी सकाळी नऊच्या सुमारास मला कळून चुकलं की हे घर दोन बायकांना पुरणारं नाही.

सासूबाई म्हणजे साधं प्रकरण नाही. चौतीस वर्षं त्या दवाखान्यात वॉर्डाच्या दाराशी बसत. भेटायची वेळ संपली की कुणीही येवो, आत सोडायच्या नाहीत. फरशी ओली असली तर मोठ्या डॉक्टरांनासुद्धा भिंतीच्या कडेने चालायला लावायच्या. आता वय ऐंशीला टेकलं, वॉर्ड राहिला नाही, तेव्हा वॉर्डाच्या जागी मी सापडले. "कपाट उघडं टाकलंयस." "नळ नीट पिळून बंद कर." "कांदा असा चिरतात होय?" मीही काही मूग गिळून बसणाऱ्यातली नव्हे. एकाला दोन उत्तरं तयार. आमचे हे बसचे ड्रायव्हर. ठिणगी पडली रे पडली की ड्यूटीची वेळ झाली म्हणून शर्टाची बटणं लावत जिना उतरायचे. सुट्टीच्या दिवशीसुद्धा.

आमच्या तीन इमारतींच्या मागे एक मोकळी जागा होती. तिथली पाण्याची जुनी टाकी कधीच पाडलेली, उरलेले दगडविटांचे ढीग आणि गुडघाभर गवत. एक दिवस तिथल्या खांबावर नोटीस लागली. नगरपालिका आपल्या मोडक्या गाड्या यापुढे इथे आणून उभ्या करणार. रहिवाशांना बाग हवी असेल तर त्यांनी अर्ज करावा, साहेब महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पाहणीला येतील, आणि लोक जागा खरोखर वापरतात असं त्यांना दिसलं तरच अर्जाचा विचार होईल.

मी नोटीस दोनदा वाचली आणि माझ्या डोळ्यांसमोर एक बाक आला. हिरवा, पाठ टेकायला फळ्या असलेला, आणि त्याच्यावर मी. एकटी. त्याच दुपारी मी तिन्ही इमारतींचे जिने चढून सह्या गोळा केल्या आणि अर्ज देऊन आले.

"बाग म्हणे!" सासूबाई म्हणाल्या. "घरातली कुंडी जगवता येत नाही आणि बाग करणार."

बैठका झाल्या तीन. तिन्ही जिन्याखाली, तिन्ही भांडणात संपल्या. समोरच्या इमारतीतल्या गणिताच्या सरांनी आलेखाच्या कागदावर सुंदर नकाशा काढून आणला होता. सगळं मापात, एकही रेघ वाकडी नाही. पण तो पाहून जो तो फक्त आपली वस्तू शोधायचा. आमच्या खालचा प्लंबर म्हणाला, "एवढ्याशा चौकोनात माझ्या पोरींनी खेळायचं? आमचं बाथरूम याहून मोठं आहे." सरांनी सांगितलं की तो चौकोन तीस फुटांचा आहे. प्लंबरने कागदावर अंगठा ठेवून दाखवलं की तो अंगठ्याएवढाच आहे. त्यावर सर जे चिडले ते नकाशाची गुंडाळी करून निघूनच गेले.

त्या संध्याकाळी मला घरी बसून हसू येत होतं. अठ्ठावीस वर्षांत मी एक गोष्ट शिकले होते. गिऱ्हाइकाला कागद दाखवून काही म्हणजे काही कळत नाही. कपडा कच्च्या टाक्यांनी जोडायचा, अंगावर चढवायचा, आरशासमोर उभं करायचं. मग तेच गिऱ्हाईक बरोबर सांगतं, इथे आवळतंय, इथे ढिलं आहे. बागेचीही ट्रायल घ्यायला हवी होती.

मी सरांचं दार वाजवलं. "सर, तुमचा नकाशा मला द्या. मी तो जमिनीवर कापते."

"जमिनीवर?"

"पूर्ण मापात. लोकांना त्यात चालू दे, बसू दे. मग बघू कोण भांडतं ते."

सरांनी चष्मा पुसला आणि नकाशा दिला. शिवाय पोत्यावर पोतं फक्की आणून दिली, शाळेच्या मैदानावर रेघा मारायला वापरतात ती पांढरी पूड. प्लंबरने आणि त्याच्या पोरींनी ढीग उचलून गवत काढलं. मग शुक्रवार आणि शनिवार असे दोन दिवस मी त्या मैदानात गुडघ्यांवर होते. वाटा फक्कीने आखल्या. झोपाळ्याच्या जागी चार खुंट्या. बाकांच्या जागी जुन्या चादरींच्या पट्ट्या. राहिले फुलांचे वाफे. त्यासाठी मी पलंगाखालून चिंध्यांची सहा पोती ओढून काढली. कारखान्यातल्या कतरणी मी वर्षानुवर्षं घरी आणत असे, कधीतरी गोधड्या करीन म्हणून. त्या पोत्यांवरून आमच्यात किती वेळा वाजलं होतं याची गणती नाही.

"सुटले एकदाची," सासूबाई म्हणाल्या. "आता पलंगाखालून केर तरी काढता येईल."

मी लाल, पिवळे, जांभळे तुकडे वाफ्यांत पसरले आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून कडेने खडे ठेवले. दुपारी वरून खिडकीतून आवाज आला. "सगळं लाल एकाच ठिकाणी ओतलंयस काय? मधे पिवळं घाल!"

"तुम्हीच या ना खाली घालायला!" मी ओरडले.

"मला काय वेड लागलंय?" आणि खिडकी बंद. मी रागाने आणखी एक मूठ लाल ओतलं. मग मधे पिवळं घातलं, कारण खरंच बरं दिसत होतं.

आता माझी चूक सांगते. कापड कापताना प्रत्येक तुकड्याच्या कडेने शिलाईसाठी जास्तीची पट्टी ठेवायची असते, त्याशिवाय हात पुढे जातच नाही. तशी मी प्रत्येक वाटेला, प्रत्येक वाफ्याला, झोपाळ्यालासुद्धा चारी बाजूंनी हातभर जागा सोडत गेले. आणि कटरची दुसरी सवय अशी की मोठे तुकडे आधी, खिसे आणि पट्ट्या शेवटी उरलेल्यातून. माझा बाक मी तसाच शेवटाला ठेवला होता, कतरणीत निघेल म्हणून. शनिवारी ऊन उतरल्यावर सगळं मांडून झालं आणि बघते तर कापड संपलं! वाट झाली, वाफे झाले, प्लंबरच्या पोरींचा चौकोन झाला, म्हाताऱ्यांचे तीन बाक झाले, आणि माझ्या बाकाला कुठे जागाच नाही. अठ्ठावीस वर्षांत कधी एक बाही कमी पडू दिली नव्हती मी. सर टेप घेऊन दोनदा फिरले आणि म्हणाले, "वाट थोडी अरुंद केली तर होईल." पण त्या वाटेने दोन माणसं बोलत बोलत शेजारी चालू शकत होती. मी म्हटलं, "राहू दे सर, आखलंय ते आखलंय." आणि घरी येऊन झोपले.

रविवारी तिन्ही इमारती खाली उतरल्या. सुरुवातीला सगळे कडेला उभे राहून हसत होते. मग प्लंबरच्या धाकटीने खुंट्यांच्या मधे उभं राहून पाय पुढे-मागे करत झोके घ्यायला सुरुवात केली आणि तिच्यामागे पोरांची रांग लागली. नसलेल्या झोपाळ्यासाठी मारामारी झाली, तेव्हा मी ओळखलं की माप बरोबर बसलंय. म्हातारे घरून खुर्च्या आणून चादरीच्या पट्ट्यांवर बसले. बायका वाटेने फेऱ्या मारू लागल्या. दोन बाक उन्हात येतात म्हणून हलवले, वाफ्याचा एक कोपरा गोल केला. प्लंबर चौकोनाच्या मधोमध उभा राहून म्हणाला, "अरेच्चा, हे तर केवढं मोठं आहे!" सरांनी फक्त घसा खाकरला. आमचे हेसुद्धा आले आणि वाटेने चालताना प्रत्येक वळणावर हात बाहेर काढून दाखवत होते. खाली आल्या नाहीत त्या एकट्या सासूबाई.

साहेबांसमोर हे सगळं असंच करून दाखवायचं, असं सर्वांनी ठरवलं. साहेब येतील तेव्हा. फक्त कोणाच्याही डोक्यात हे आलं नाही की साहेब रविवारी येत नसतात.

ते मंगळवारी सकाळी अकराला आले. माणसं कामावर, पोरं शाळेत, म्हातारे जेवणाच्या तयारीत. मी खिडकीतून पाहिलं तर हातात फाईल घेतलेला एक घामाघूम माणूस रिकाम्या मैदानाच्या कडेला उभा. तिथे चिटपाखरूही नव्हतं. त्यांनी फाईल उघडली, इकडे तिकडे बघितलं, काहीतरी लिहिलं आणि पलीकडचा खांब बघायला सरळ मैदानातून निघाले. मी चपला शोधत होते, एकच सापडत होती.

तेवढ्यात माझ्या कानाशी तोफ उडाली.

"ओ साहेब! वाफ्यातून कुठे निघालात? वाट आहे ना तिकडून!"

सासूबाई खिडकीत, अर्ध्या बाहेर. चौतीस वर्षांचा दवाखान्यातला आवाज. खाली साहेबांनी असा काही पाय उचलला की जणू चटकाच बसला. ते लाल-पिवळ्या चिंध्यांमधून टुणकन मागे उडी मारून वाटेवर आले. "सॉरी, सॉरी!" म्हणाले. आणि मग तो शहाणा, शिकलेला माणूस फक्कीच्या रेघेने पूर्ण वळसा घालून, वळणावर वळत, दोन्ही वाफ्यांना प्रदक्षिणा घालून खांबाशी पोचला. पोचल्यावर थांबला. मागे वळून बघितलं. मग मोठ्याने हसायला लागला.

मी एका चपलेनिशी खाली पळाले, पण सासूबाई माझ्याआधी पोचल्या होत्या. जिना उतरायला त्यांना नेहमी दहा मिनिटं लागतात.

"आजी, मी फुलांना भिऊन वळलो," साहेब डोळे पुसत म्हणाले. "पण फुलं कुठायत?"

"डोळे फुटलेत का? ही काय!" सासूबाई म्हणाल्या. "दोन दिवस पोर उन्हात गुडघ्यांवर बसून फुलं लावत होती, आणि तुम्ही बूट घालून निघालात त्यांच्यावरून. रविवारी इथे पाय ठेवायला जागा नव्हती. तीन इमारतींतली माणसं होती. कुणी वाफ्यात पाय घातला नाही. मी वरून बघत होते, सकाळपासून."

पोर म्हणजे मी. वय वर्षं छप्पन्न. तीस वर्षांत त्यांनी मला कधी पोर म्हटलं नव्हतं, आणि रविवारी दिवसभर त्या खिडकीत होत्या हेही मला माहीत नव्हतं. माझे डोळे भरून आले, आणि ते फक्कीमुळे नव्हतं.

साहेबांनी फाईल पुन्हा उघडली, आधीचं वाक्य खोडलं आणि मोठ्याने वाचत लिहिलं, "जागा वापरात आहे." मग म्हणाले, "बागेला कोणीतरी जबाबदार माणूस लागतो. सकाळ-संध्याकाळ एकेक तास फाटकाशी बसेल, उघडेल, बंद करेल. कोणाचं नाव लिहू?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी हात पुढे केला. "पेन आणा इकडे."

बाग व्हायला आठ महिने लागले. झोपाळा आला, खऱ्या मातीत खरी फुलं आली, मधे पिवळी. फाटक झालं आणि फाटकाशी सासूबाईंची खुर्ची. पहिल्या सकाळी सहाला त्या केस विंचरून, दवाखान्यातला जुना डगला घालून, किल्ली घेऊन खाली गेल्या. दार बंद झाल्याचा आवाज ऐकून मी बाहेरच्या खोलीत आले. हे पहाटेच ड्यूटीला गेलेले, घर रिकामं. मी कपाट उघडं टाकलं. नळ अर्धवट बंद ठेवला. पलंगावर आडवी पसरून एक जुनं गाणं मोठ्यामोठ्याने, बेसूर म्हटलं. मला बाहेर कुठे बाकाची जागा मिळाली नव्हती, आणि बघा, तासभर अख्खं घर मिळालं! एवढा आनंद मला कधी झाल्याचं आठवत नाही.

मग उठून खिडकीशी गेले. नुसतं बघायला.

खाली सासूबाई दोन बायकांना थांबवून सांगत होत्या, "ही वाट एवढी रुंद कशी, माहितेय? आमच्या सुनेने कापलीय. सगळ्यांना जागा केली, आणि स्वतःला मात्र ठेवली नाही. अशी शहाणी!" मग त्यांचं लक्ष वर गेलं.

"येतेस का खाली?"

"नाही," मी म्हटलं.

"बरं," त्या म्हणाल्या.

न भांडता, एवढं छोटं बोलणं आमच्यात आजवर झालं नव्हतं. दोघींनाही हसू आलं. तास संपायला चांगली वीस मिनिटं बाकी होती. मी चपला घातल्या.