अकरा वर्षे

सुषमाने लॅपटॉपवर पान उघडलं आणि वयाच्या पट्टीवरचा ठिपका आपोआप चोपन्नवर जाऊन थांबला. खालची पट्टी यंत्रमागावर काढलेल्या वर्षांची होती. तिचा ठिपका अकरावर.

शेवटी भरलेले आकडे लक्षात ठेवायची सोय तिनेच केली होती, दवाखान्यातल्या बाईंना ते पुन्हा भरावे लागू नयेत म्हणून. आता तीच सोय मानगुटीवर बसली होती. तिचे बाबा शालिग्राम वारले त्याला आठ महिने झाले, तरी पान उघडलं की त्यांचे आकडे आधी हजर. पुसायला एक बटण पुरे होतं, पण हात धजत नव्हता.

कामगाराचं वय आणि मागावरची वर्षं भरली, की दरवर्षी छाती तपासल्याने आयुष्य किती वाढेल, त्यापुढे तपासणीचा खर्च सार्थकी लागेल का, हे पान सांगायचं. सूत्र तज्ज्ञांचं, पट्ट्या, रंग, बटणं सुषमाची. दोन वर्षांपूर्वी बाबांनी खोकत खोकत, हौसेने स्वतःच ठिपके सरकवले होते. पान राखाडी झालं: ‘सध्या तपासणीची गरज नाही.’ आपलं काम चाललं या आनंदात ती म्हणाली होती, “बघा, तुम्हाला काही होत नाही.”

ते वाक्य तिला अजून जेवू देत नसे.

अकरा वाजता ऑनलाइन मीटिंगमध्ये हे पान सगळ्यांना दाखवायचं होतं. लिंबायत वस्तीतल्या त्यांच्या खोलीत खालच्या मागांची खडखड जमिनीतून पायांना लागत होती. दाराशी बसून तिची आई सरलाबाई साडीवर खडे चिकटवत होत्या.

“ह्या आकडा कसाना शेतस?” त्यांनी विचारलं.

“बाबांनी भरलेले. वय चोपन्न, मागावर अकरा वर्षं.”

सरलाबाईंचा हात थांबला.

“अकरा कशी? तीस व्हयनात.”

“त्यांनीच अकरा सांगितली, आई.”

“त्यासना कार्डवर अकरा. पहिले एकोनीस वरीस धुडकूभाऊना कार्डवर काम करं. धुडकूभाऊ गावले निंघी गया, कार्ड कारखानामाच ऱ्हायनं. ती वरसं तुना बाप कधी आपली म्हने नही.”

एकोणीस वर्षं बाबा कारखान्यात धुडकूच्या नावाला ओ देत होते. धूळ मात्र स्वतःच्याच छातीत घेत होते. सुषमाला एकदम बापाचा राग आला, आणि लगेच रडू.

तिने ठिपका तीसवर नेला. पान हिरवं झालं: ‘दरवर्षी तपासणी करा.’ खाली आकडा आला, आयुष्यात सरासरी भर दोन वर्षं चार महिने.

सरलाबाईंना वाचता येत नव्हतं.

“काय म्हनस ते?”

“काही नाही. रंग बदलला.”

सरलाबाईंनी पुढचा खडा उचलला.

अकराला दहा मिनिटं होती. सुषमाने सूत्राला हात लावला नाही. वर्षांच्या पट्टीखाली एक ओळ घातली: ‘दुसऱ्याच्या नावावर काम केलेली वर्षंही धरा.’ मग पान बंद करून पुन्हा उघडलं.

चोपन्न. तीस.

या वेळी बाबा पूर्ण आले होते. तिने ते आकडे तसेच राहू दिले आणि मीटिंग सुरू केली.