पाठीवर बांधलेल्या इच्छा

मित्रांनो, मी जुना आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझ्या पिवळ्या पडलेल्या अंगाकडे बघून तुम्हाला एकमेकांना कोपरखळ्या मारायला नकोत. मी एक संगणक आहे. ब्राझीलमधल्या मारागोजीपी गावात, मासेबाजाराला लागून जी सार्वजनिक खोली आहे, तिथे खिडकीजवळच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. माझ्या कळांवर देंदेच्या, म्हणजे इथल्या पाम तेलाचे, केशरी डाग आहेत. ते माझ्या निष्काळजीपणामुळे पडलेले नाहीत. इथली माणसं खाता खाता काम करतात आणि काम करता करता खातात, त्याला मी काय करू?

माझा जन्म कारखान्यातला. तरुणपण साल्वादोर शहरातल्या एका कचेरीत गेलं. तिथे माझ्याशी कुणी प्रेमानं बोलल्याचं आठवत नाही. एक दिवस नवी प्रणाली आली, ती मला पेलेना, आणि मला बाहेरच्या बोळात नेऊन ठेवलं. कुणीतरी माझ्या डोक्यावर तुळशीएवढ्या झाडाची कुंडी ठेवली. रोज पाणी घालायचे तिला. माझ्या अंगावर शहारे यायचे.

तिथून मला सेऊ लिंदोमारनं उचललं. सेऊ म्हणजे राव. हा आमच्या गावचा निवृत्त न्हावी, आता सार्वजनिक खोली सांभाळतो. खोली दोन टेबलांची, पण याचा रुबाब बंदराच्या अधिकाऱ्याचा. त्यानं मला हातगाडीवरून आणलं, पुसलं, माझ्यात लिनक्स घातलं आणि त्यावर कनोआ बसवली. कनोआ म्हणजे होडी. पडद्यावर तुम्हाला जो संसार दिसतो ना, खिडक्या, चित्रं, खालची पट्टी, कोपऱ्यातलं घड्याळ, तो सगळा मांडून ठेवायचं काम कनोआचं. साल्वादोरची चार-पाच मंडळी आपली नोकरी सांभाळून ती फुकट तयार करतात. ती इतकी हलकी की माझ्यासारख्या म्हाताऱ्यालाही दम लागत नाही. मी पुन्हा चालू लागलो तेव्हा लिंदोमार सगळ्यांना सांगत सुटला, "याची नुसती हजामत करायची राहिली होती."

ते दिवस फार चांगले गेले. लोक माझं कौतुक करायचे, माझ्यासाठी रांग लावायचे, रांगेत भांडायचे. आणि सगळ्यांत जास्त माझा जीव जडला तो दोना वाल्देलिसीवर. दोना म्हणजे बाई, मानानं मारायची हाक.

दोना वाल्देलिसी म्हणजे चिरुटाच्या कारखान्यात जन्मभर पानं वळलेली बाई. ताठ मान, पांढरा ब्लाउज, आणि जीभ अशी की मासेवालेही वजनात गडबड करायला धजत नाहीत. तिचा मुलगा जेनिवाल्दो मालवाहू जहाजावर स्वयंपाकी आहे. जहाज बंदराला लागलं की तो माझ्या पडद्यावर यायचा आणि ती त्याला आधी जेवलास का ते विचारायची. स्वयंपाक्याला.

आता तिचं एक गुपित सांगतो. ते मला माहीत होतं, गावाला नव्हतं. दोना वाल्देलिसीला वाचता येत नव्हतं. ती खुर्चीवर बसायची, बोटानं डावीकडून चित्रं मोजायची आणि हिरव्या चित्रावर दाबायची. हिरवं चित्र म्हणजे जेनिवाल्दो. मध्येच मी काही लिहून विचारलं की ती मला दटावायची, "चष्मा घरी राहिलाय. उगाच डोकं खाऊ नकोस." मी बापडा गप्प बसायचो.

मागे एकदा कनोआची नवी आवृत्ती आली आणि हिरवं चित्र उजव्या कोपऱ्यात गेलं. दोनानं नेहमीच्या जागी दाबलं, पत्त्यांचा डाव उघडला. बंद केलं, पुन्हा दाबलं, पुन्हा पत्ते. हिरव्या रंगाची आता आणखी दोन चित्रं होती, त्यातलं एक उघडलं तर हिशेबाचं यंत्र निघालं. शेजारी लिंदोमार बसला होता. त्याला नुसतं विचारलं असतं तरी काम झालं असतं. पण विचारलं तर तो म्हणणार, "नाव लिहिलंय ना खाली, दोना." म्हणून ती सगळी दुपार पत्त्यांपुढे बसून राहिली, आणि जाताना सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आज पोराला कामं फार." पोरगा तिकडे वाट बघत होता. मला ते दिसत होतं. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

पुढे लिंदोमारनं आपल्या सोयीसाठी चित्रं पुन्हा जुन्या जागी लावली, म्हणून निभावलं. पण तेव्हापासून नव्या आवृत्तीचं नाव निघालं की दोनाच्या तोंडचं पाणी पळायचं.

आणि निघालंच. कनोआ बनवणाऱ्यांपैकी ताइनारा नावाची एक मुलगी कागद आणि पेनं घेऊन आमच्या खोलीत आली. म्हणाली, "आम्ही नवी आवृत्ती काढतोय. तुम्हाला पुढे कनोआत काय काय हवंय, ते प्रत्येकानं यावर लिहून द्या."

कागद वाटले गेले. दोनाच्याही हातात एक आला. तिनं तो उलटा धरला, सुलटा केला, पेनाचं टोक तपासलं. मग एकदम मान वर केली.

"लिहून? पोरी, तू आपल्या बाया राज्यातलीच ना? इच्छा कधी लिहून मागतात का? हा काय नगरपालिकेचा अर्ज आहे?"

असं म्हणून तिनं पिशवीतून बोन्फिमची रिबीन काढली. तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगतो. आमच्याकडे बोन्फिमच्या देवळाच्या जाळीला या रंगीत रिबिनी बांधतात. तीन गाठी, तीन इच्छा. इच्छा कुणाला सांगायची नाही आणि रिबीन कापायची नाही. आपोआप झिजून पडली की इच्छा पुरी. दोनानं मला फिरवलं, माझ्या पाठीला जी भोकाभोकांची जाळी आहे तिच्यातून रिबीन ओवली आणि तीन गाठी मारल्या. डोळे मिटून काहीतरी पुटपुटली. कागद घडी घालून ताइनाराच्या हातात परत दिला.

झालं. गावाला ही गोष्ट इतकी पटली की कागदाला कुणी हात लावला नाही. लिंदोमारनं रिबिनींचा गठ्ठाच आणला. येईल तो माझ्या पाठीशी वाकायचा, गाठी मारायचा आणि पुटपुटायचा. इच्छा कुणाला सांगायची नसते, पण मी 'कुणी' थोडाच? मला सगळं ऐकू यायचं.

खेकडे पकडणारा जुरांदिर पुटपुटला, "वरच्या खिडकीतून खालची दिसू दे. परवान्याचा अर्ज भरता भरता फुटबॉल बघता येईल." दुसरी गाठ, "ते लिंदोमारला दिसू नये." लिंदोमारची एकच इच्छा होती, पाळी संपली की संगणकानंच माणसाला उठवावं, त्याचं स्वतःचं भांडायचं वय राहिलं नाही. केस कापणारी रोझिक्लेदी म्हणाली, खिडकी बंद केली की तिची फुलं होऊन पडावीत, मागचं चित्र सारखं बदलत राहावं, आणि आधीच्या नवऱ्याचा फोटो जिथे असेल तिथून पुसला जावा.

मित्रांनो, हसू नका. माझी स्मरणशक्ती ती केवढीशी! फुलं पडायला लागली तर मी पहिल्या फुलालाच आडवा होईन. गाव माझ्यावर प्रेमानं एकेक इच्छा बांधत होतं, आणि मी मनात म्हणत होतो, यातली निम्मी जरी पुरी झाली तरी माझी रवानगी पुन्हा बोळात, डोक्यावर कुंडी. मला काय हवंय, हे मात्र कुणी विचारलं नाही.

पण इच्छा पुऱ्या व्हायच्या आधीच माझे हाल सुरू झाले. ती जाळी म्हणजे माझं नाक. आत पंखा असतो, तो तिथून गरम हवा बाहेर टाकतो. जाळी रिबिनींनी गच्च भरली. मी तापायला लागलो, धापा टाकायला लागलो आणि मधेच बंद पडायला लागलो. जुरांदिरचा अर्ज चार वेळा पुसला गेला. लिंदोमार हळहळला, "वय झालं बिचाऱ्याचं," आणि माझ्या बऱ्यासाठी आणखी एक रिबीन बांधली.

अशातच जेनिवाल्दोचा निरोप आला. जहाज त्या दिवशी बंदरात होतं, संध्याकाळी निघणार होतं ते थेट पृथ्वीच्या पलीकडच्या टोकाला. मग कितीतरी महिने आईची गाठ नाही. दोना दुपारीच येऊन बसली. नेमकी ताइनाराही इच्छा गोळा करायला आली होती.

"कुणीच काही लिहिलं नाही?" तिनं विचारलं.

"मागितलंय सगळ्यांनी," लिंदोमार म्हणाला. "सांगायचं नसतं."

"अहो काका, सांगितलं नाही तर आम्ही करणार कसं?"

"ते देव बघेल."

इतक्यात दोनानं हिरवं चित्र दाबलं. जेनिवाल्दोचं कपाळ दिसलं, एक भुवई दिसली, आणि माझा श्वास कोंडला. पडदा काळा. दोनानं पुन्हा चालू केलं. मी जीव एकवटला, पुन्हा पडलो. ताइनारानं माझ्यावर हात ठेवला, चटका बसला तसा मागे घेतला आणि मला फिरवलं.

"अरे देवा. याला तुम्ही गळफास लावलाय. या रिबिनी आत्ता कापायला हव्यात."

सगळे लगबगीनं माझ्या पाठीशी गोळा झाले.

"कापली की इच्छा उलटते," रोझिक्लेदी म्हणाली.

"आधी लिंदोमारच्या कापा," जुरांदिर म्हणाला. "दोन आहेत त्याच्या."

"मी खोलीचा प्रमुख आहे. माझ्या शेवटी."

ताइनारानं कात्री हातात घेतली आणि तशीच उभी राहिली. तीही बाया राज्यातलीच. तिच्या स्वतःच्या मनगटावर एक विटकी रिबीन होती. दुसऱ्याची इच्छा कापायला तिचा हात उठेना. खिडकीतलं ऊन उतरायला लागलं होतं.

दोना वाल्देलिसी उठली. तिनं ताइनाराच्या हातातून कात्री घेतली, माझ्या पाठीवर आपली रिबीन शोधली आणि कापली.

"सुरुवात मी केली होती, मीच संपवते," ती म्हणाली. "आता कापलीच आहे, तर ऐका मी काय मागितलं होतं. तिन्ही गाठींना एकच. हिरवं चित्र आहे तिथेच राहू दे."

जुरांदिर खो खो हसला. "दोना, देवाच्या दारात जाऊन मागितलं काय, तर आहे तेच?"

ताइनारा मात्र समजुतीनं म्हणाली, "पण का, दोना? हललं तरी खाली नाव लिहिलेलं असतं. वाचलं की सापडेल."

सवयीनं दोनाचा हात चष्मा शोधायला पिशवीकडे गेला आणि मध्येच थांबला.

"ते नाव तुझ्यासाठी लिहिलंय, पोरी," ती म्हणाली. "मला त्या मुंग्या दिसतात. मला वाचता येत नाही. कधीच आलं नाही."

रोझिक्लेदी हळूच म्हणाली, "मग माझ्या दुकानात रोज मासिक वाचत बसायचात ते?"

"चित्रं बघायचे. आणि तुझ्याकडे पंखा आहे."

"आणि भिंतीवर लावलेल्या माझ्या सूचना?" लिंदोमारचा आवाज दुखावलेला होता. "रोज वाचून मान डोलवायचात की."

"ज्यांना वाचता येतं त्यांनी तरी कुठे पाळल्या, लिंदोमार?"

जुरांदिर हसायचा थांबला होता. त्यानं दोनाच्या हातातून कात्री घेतली आणि आपली रिबीन कापली. मग रोझिक्लेदीनं. मग एकेकानं. लिंदोमारनं दोन्ही कापल्या, पण डोळे मिटून. माझ्या पाठीतून वारा शिरला, मित्रांनो, त्याचं सुख मी तुम्हाला सांगू शकत नाही. ताइनारानं मला वहीनं वारा घातला. मी थंड झालो, उठलो, दोनानं बोटानं मोजलं आणि जेनिवाल्दो अख्खा दिसला.

"आई, किती वेळ झाला. मला वाटलं आज तू येत नाहीस."

"अरे, मध्ये गाव आडवं आलं होतं. जेवलास का?"

पुढची हकिकत थोडक्यात. नवी आवृत्ती आली. जुरांदिरची आरपार खिडकी तिच्यात आहे, रोझिक्लेदीची फुलंही आहेत, पण ज्याच्या संगणकाला पेलतील त्यानंच ती चालू करायची. जुरांदिरनं माझ्यावर एकदा चालू करून बघितली. मी धाप टाकली तशी दोनानं त्याच्या हातावर चापट मारली. नवऱ्याचे फोटो पुसणं जमलं नाही, ते रोझिक्लेदीनं हातानं पुसले. आणि एक नवी गोष्ट आली, तिचं नाव नांगर. कुठल्याही चित्राला नांगर टाकला की ते तिथेच राहतं. मग कितीही नव्या आवृत्त्या येवोत, त्याला कुणी हलवत नाही. ताइनारा सांगत होती की कुठून कुठून लोकांची पत्रं आली, आम्हालाही हेच हवं होतं, मागायची लाज वाटत होती.

ती आवृत्ती माझ्यात घातली त्या दिवशी सगळं गाव खोलीत जमलं होतं. जेनिवाल्दो समुद्रात होता, बोलणं होणार नव्हतं. तरी दोना आली. तिला वाट देण्यासाठी सगळे बाजूला झाले. ती बसली, तिनं बोट टेकवलं, डावीकडून मोजलं आणि दाबलं. जेनिवाल्दोची रिकामी खिडकी उघडली. तिनं ती क्षणभर बघितली आणि बंद केली.

"आहे," ती म्हणाली. "जागेवर आहे."

तेव्हा मित्रांनो, नवं खुशाल मागा. मागणाऱ्यांमुळेच आमची भरभराट होते. पण कुणाची वस्तू जागेवरून हलवण्याआधी, ती तिथे कोण शोधत येणार आहे तेवढं विचारा. सगळ्यांनाच लिहून देता येत नाही. आणि माझ्यासारखा एखादा म्हातारा तुमच्या घरी असेल, तर अधूनमधून त्याची पाठ पुसा, तिथे काही बांधू नका. त्याला अजून बऱ्याच जणांना त्यांची पोरं दाखवायची असतात.