उद्या लिहा

मी एका विकीची जुनी सेटिंगची फाईल आहे. मित्रांनो, लगेच नाक मुरडू नका! विकी म्हणजे संगणकातली वही, जिच्यात घरच्यांना पाने लिहिता येतात. ती सुरू होताना आधी मला विचारते, नाव काय, भाषा कोणती, लिहायची मुभा कुणाला? मी म्हणेन ती पूर्व दिशा.

मला एका लेकीने घडवले. तिचे बाबा शिलाई मशीन दुरुस्त करायचे. त्यांची स्मृती हळूहळू जाणार, असे डॉक्टरांनी सांगितले होते. त्याआधी त्यांची विद्या उतरून ठेवावी, म्हणून तिने ही विकी मांडली. बाबा एका बोटाने टाइप करत. 'दोरा सारखा तुटतो', 'मशीन जड चालते' अशी एकेचाळीस पाने झाली. प्रत्येक पानाची सुरुवात एकच, 'आधी मशीनचा आवाज ऐका.' लेक हसून ती तशीच राहू देई.

वाहवा विकीची झाली. माझे नावही कुणी काढले नाही. खोटे कशाला बोलू, वाईट वाटले.

मग नवा संगणक आला. पाने हलवताना मध्येच कुणी लिहू नये, म्हणून लेकीने माझ्यात एक ओळ घातली, लिहिणे बंद. सोबत निरोपही ठेवला, 'काम चालू आहे. उद्या लिहा.' पाने सुखरूप पोचली. ओळ काढायची मात्र राहून गेली आणि ती कामासाठी परगावी गेली. तिथून ती फोनवर पाने वाची. वाचायला सारे ठीक होते.

बाबा रोज सकाळी खुर्ची ओढून बसत. त्यांना शेवटचे पान लिहायचे होते, हाताने फिरवायच्या जुन्या मशीनचा टाका कसा जुळवायचा. ते काम दुसऱ्या कुणाला येत नव्हते. मी म्हणे, 'उद्या लिहा.'

"बरं, उद्या तर उद्या," म्हणत ते उठत. असे बावीस दिवस मी त्यांना परत पाठवले. जीव तुटायचा, पण माझ्यात लिहिले आहे त्यापलीकडे मला बोलता येत नाही.

लेक परतली. "बाबा, लिहिणं का सोडलंत? कंटाळा आला का?"

"अगं, तूच तर रोज उद्या म्हणतेस."

तिने मला उघडले. ती ओळ तिला दिसली. तिने ती तिथल्या तिथे पुसली.

"लिहा बाबा आता. जुन्या मशीनचा टाका."

बाबांनी सावकाश टाइप केले, 'आधी मशीनचा आवाज ऐका.' मग बोट तसेच हवेत राहिले. त्यांनी लेकीकडे पाहिले. "पुढे काय गं?"

बेचाळिसाव्या पानावर आजही तेवढीच ओळ आहे.

मित्रांनो, एका दिवसापुरती लावलेली पाटी त्याच दिवशी काढा. कुणीतरी भला माणूस तिच्यावर विश्वास ठेवून रोज परत जात असतो.